तिच्या हातून काही घडू द्या

नव्या मालिकेची पहिली बैठक असली की मी एक प्रश्न हमखास विचारते. ही जी सतरा वर्षांची मुलगी आपण दाखवणार आहोत, तिला काय हवं आहे? खोलीत वाहिनीची माणसं असतात, निर्मात्याकडचे क्रिएटिव्ह असतात, कथाकार आणि पटकथाकार असतात. उत्तरं भराभर येतात. ती बिनधास्त आहे. ती हळवी आहे. बाबांची लाडकी आहे. अन्याय सहन करत नाही. मी म्हणते, हे तिचं वर्णन झालं, तिला हवं काय आहे? मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. मुलाबद्दल हा प्रश्न विचारावाच लागत नाही. त्याला बँड काढायचा असतो, वडिलांचं कर्ज फेडायचं असतं, गावातली बंद पडलेली व्यायामशाळा पुन्हा सुरू करायची असते. ते कथेच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं.

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते, कधी पटकथाही. सासू-सुनांच्या मालिका लिहिल्या, ऐतिहासिक लिहिल्या, आणि कॉलेजातल्या मुलामुलींसाठी म्हणून काढलेल्याही लिहिल्या. या शेवटच्या प्रकाराबद्दल मला बोलायचं आहे, कारण चौदा ते अठरा या वयात पाहिलेलं अंगात मुरतं. या मालिकांतल्या मुली दुबळ्या असतात अशी माझी तक्रार नाही. उलट त्या फार लवकर खंबीर होतात. माझं म्हणणं असं की कथा त्यांच्यामुळे सुरू होत नाही, ती त्यांच्यावर येऊन आदळते. कोणी त्यांच्या प्रेमात पडतं, कोणी संशय घेतं, कोणी फसवतं, कोणी लग्न ठरवतं. मुलगी बाणेदारपणे उत्तर देते, टाळ्यांचं वाक्य घेते, आणि पुढच्या भागात तिच्यावर आणखी काहीतरी येतं.

माझं लहानपण कराडला गेलं. 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली, तेव्हा आम्ही आळीतल्या मुली शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून ती बघायचो. हिंदी सगळं कळायचं नाही. मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली होती, आणि मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून लोकशिक्षणाचा जो प्रयोग केला त्याच्या धर्तीवर ती बेतलेली होती, हे मला फार नंतर कळलं. त्या घरात तीन मुली होत्या, बडकी, मझली आणि छुटकी. छुटकीला डॉक्टर व्हायचं होतं, मझलीला नटी. मझली मुंबईला जाते, फसवली जाते, खचून परत येते. आम्ही सगळ्या मनातून मझलीच्या बाजूच्या होतो. पण मोठी माणसं तिच्याकडे बोट दाखवून आम्हाला सांगायची, घरचं ऐकलं नाही की असं होतं.

पुढे लिहायला लागल्यावर एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल यांनी ‘हम लोग’वर केलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यातली एक गोष्ट मी कायम जवळ बाळगली आहे. भागवंती ही त्या घरातली आई. सोशिक, निमूट, नवऱ्याची बोलणी खाणारी. बाईने असं जगू नये हे दिसावं म्हणून ती तशी रंगवली होती. पण पाहणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना, आणि त्यात बायकांची संख्या मोठी, भागवंतीच आदर्श वाटली. लेखकाने मनात काय योजलं होतं ते पडद्यापलीकडे पोचलं नाही, तिचं सोसणं तेवढं पोचलं. आजही बैठकीत कोणी म्हटलं की “आधी तिला दोनशे भाग सोसू दे, मग ती उभी राहील तेव्हा मजा येईल,” तर मला भागवंती आठवते. दोनशे भाग सोसणं जी मुलगी पाहते, तिच्या मनात ते दोनशे भाग राहतात. शेवटचे दहा राहतील याची हमी कोणी द्यायची?

त्यानंतर 1989 मध्ये ‘उडान’ आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही स्वतःच केली. त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य आयपीएस अधिकारी होत्या, त्यांच्यावरून ती कथा सुचली होती. याच कांचन चौधरी 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्या पदावर पोचलेल्या देशातल्या त्या पहिल्या स्त्री. ‘उडान’मधल्या मुलीला एक गोष्ट हवी होती आणि ती तिच्या दिशेने चालत होती, एवढं साधं ते होतं. मी तेव्हा हायस्कूलमध्ये होते. मला पोलिसात जायचं नव्हतं, पण काहीतरी हवं असणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, हे मला त्या मालिकेने सांगितलं. घरात तसं कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

मराठीत तरुण प्रेक्षकांसाठी म्हणून मालिका काढण्याचा उत्साह आला तो 2015 च्या आसपास. झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली. तीन मुली आणि तीन मुलं मुंबईत एका घरात एकत्र राहतात, त्यातली रेश्मा तर नवी नवरी म्हणून मुंबईत येते आणि नवरा जवळ नाही असं तिच्या लक्षात येतं. घरातल्या बाकीच्या दोघी तिच्या सोबतीला. मुली एकमेकींशी पुरुषांखेरीज दुसऱ्या विषयांवर बोलतात, घरभाड्यावरून भांडतात, नाटकाच्या तालमीला जातात, हे मराठी मालिकेत पाहून आम्हा लिहिणाऱ्यांना हुरूप आला होता. पुढच्या वर्षी, 2016 च्या ऑगस्टमध्ये, झी युवा ही तरुणांसाठीची वेगळी वाहिनीच सुरू झाली. ‘फ्रेशर्स’, ‘बन मस्का’ आल्या, 2017 मध्ये ‘फुलपाखरू’ आली. मानस आणि वैदेही या जोडीने शाळा-कॉलेजातल्या मुलींना वेड लावलं होतं. माझी भाची तेव्हा नववीत होती, तिच्या वहीच्या मागच्या पानावर वैदेहीचं नाव असायचं. कॉलेजातल्या प्रेमाची ती गोष्ट. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि गोष्ट संसारात शिरली. मालिका लोकांना आवडते तितका काळ तिला चालावं लागतं, आणि चालत राहण्यासाठी आमच्याकडे मुलीच्या आयुष्यातला एकच मोठा टप्पा तयार असतो. कॉलेजचं फाटक ओलांडून आत आलेली मुलगी मंडपातून बाहेर पडते. मी स्वतः असे लग्नाचे आठवडे लिहिले आहेत, हळद, मेंदी, विघ्न, मंगलाष्टकं. रेटिंग चढतं, हे खरं आहे.

त्याच काळात मला एक मालिका मिळाली. वाहिनीचं नाव सांगत नाही. नायिका कबड्डी खेळणारी होती. 2012 मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या. 2015 मध्ये अभिलाषाला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या बातम्यांवरूनच कथाकाराला ही मुलगी सुचली होती. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आलेली, अकरावीत शिकणारी, संघात चढाई करणारी.

मी आयुष्यात कबड्डी खेळलेले नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी संध्याकाळी मुंबईतल्या एका क्रीडा मंडळाच्या मैदानावर जाऊन बसायला लागले. बारा-तेरापासून वीस-बाविसापर्यंतच्या मुली सरावाला यायच्या. केस घट्ट बांधलेले, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे डाग, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत डबा. बोनस घ्यायला गेलेलीचा पाय कोपरारक्षक घोट्यापाशी धरते आणि तेवढ्यात बाकीच्या तिघी-चौघी येऊन पडतात, तेव्हा जो आवाज होतो तो जवळून ऐकल्याशिवाय कळत नाही. लोण चढला की जिंकलेल्या बाजूच्या मुली ओरडायच्या नाहीत, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायच्या. सरावानंतर त्या बोलायच्या. कपडे बदलायला जागा नाही, शेवटची बस चुकली की भावाला बोलवावं लागतं, स्पर्धेच्या दिवशी पाळी आली तर काय करायचं, नोकरी मिळते ती कोणत्या खात्यात. एकीने सांगितलं, “ताई, मला चढाईला जाताना भीती वाटते ती पडण्याची नाही. तिकडे सात जणी आणि इकडून मी एकटीच, आणि सगळे माझ्याकडे बघत असतात. पण तेच मला आवडतं.” ते वाक्य मी तिची परवानगी घेऊन जवळजवळ जसंच्या तसं पहिल्या भागात वापरलं.

पहिले काही आठवडे मालिकेत कबड्डी होती. मग ती हळूहळू कमी होत गेली. हे कोणी दुष्टपणाने केलं नाही. त्यामागचं कारण आहे ते धंद्याचं, आणि वाचकांना ते माहीत असावं असं मला वाटतं.

दैनंदिन मालिका आठवड्यातून सहा दिवस चालते. रोज बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो, म्हणजे एका दिवसात जवळजवळ एक भाग चित्रित झाला पाहिजे. घरातला सेट उभा असतो, प्रकाशयोजना ठरलेली असते, कॅमेरे कुठे लावायचे हे सगळ्यांना पाठ असतं. दिवाणखान्यातला चार पानांचा सीन दोन-अडीच तासांत संपतो. मैदानावरच्या दोन चढायांना अर्धा दिवस जातो. मैदानाचं भाडं, चौदा खेळाडू मुली, बघ्यांची गर्दी, ऊन कलतं त्याची चिंता, कोणाला लागलं तर दुसऱ्या दिवशीचं काम बंद. हातात तयार भागांची बँक नसेल तर हे परवडत नाही. मग ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माते, फोन करून म्हणतात, “मॅडम, मॅच झाली असं दाखवू या, ती घरी येऊन सांगते.” एकदा ती घरी येऊन सांगायला लागली की पुढे सामना हवाच कशाला? घोडबंदर रोडच्या, मढच्या, फिल्मसिटीच्या सेटवर मुली सतत स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात का दिसतात, याचं अर्धं कारण परंपरा आहे आणि अर्धं कारण ते दोन सेट कायम उभे असतात हे आहे. नायकाचं ऑफिस किंवा वर्कशॉप उभारलं जातं. नायिकेच्या कामाची जागा उभारायला पैसे मंजूर होत नाहीत.

अखेर आमच्या मुलीच्या गुडघ्याला दुखापत झाली. ती बरी होईपर्यंत नायकाच्या घरी राहणार, असं ठरलं. तिथे त्याची आई होती, आजी होती, एक कपटी आत्या होती. गुडघा बरा झाला, कबड्डी परत आली नाही.

या मालिकेतला एक प्रसंग मला अजून डाचतो. राज्य संघाच्या निवड चाचणीला जाण्यासाठी ती घरी खोटं बोलते, जादा तास आहे म्हणून सांगते आणि पहाटेची एसटी धरून पुण्याला जाते, असं मी लिहिलं होतं. परत आल्यावर आईला कळतं, आई चिडते, चार दिवस अबोला होतो, आणि मुलगी म्हणते की मी खोटं बोलले ते वाईट केलं, पण मी जाणारच होते. खोटं तिचं, त्याची किंमत तिची आणि निवडही तिची. वाहिनीकडून निरोप आला, “नायिका आईशी खोटं बोलत नाही, प्रेक्षकांच्या मनातून उतरेल.” बदल असा झाला की तिने जाण्याचा विचार सोडून दिलेला असतो, नायक तिच्या नकळत तिचा फॉर्म भरतो, तोच तिच्या आईला समजावतो आणि गाडीत बसवून तिला नेतो. प्रसंग उत्तम रंगला. लोकांना नायक फार आवडला. पण त्या एका बदलाने मुलीच्या हातातली गोष्ट काढून मुलाच्या हातात दिली गेली, आणि ती बिचारी डोळ्यांत पाणी आणून त्याचे आभार मानत उभी राहिली.

मुलगा मालिकेत खोटं बोलतो, परीक्षेत नापास होतो, चुकीच्या मुलीच्या प्रेमात पडतो, बापाची गाडी ठोकतो, आणि या सगळ्यातून तो मोठा होतो असं आपण लिहितो. मुलगी यातलं काहीही करते तेव्हा एक तर ती खलनायिका असते, किंवा तिला मझलीसारखी शिक्षा होते. चुका न करता कोणी वयात येतं का? ज्या वयाच्या मुलींसाठी आपण हे दाखवतो त्या रोज चुकत असतात, घाबरत असतात, घरच्यांपासून काही ना काही लपवत असतात. पडद्यावर त्यांना एकही मुलगी अशी दिसत नाही की जी चुकली, आणि तरीही चांगलीच राहिली.

असं का होतं, याचं दुसरं कारण रिमोट आहे. किशोरांसाठीची मालिका किशोर एकटे टीव्हीवर पाहत नाहीत. मराठी घरात संध्याकाळी रिमोट आजीच्या किंवा आईच्या हातात असतो. रेटिंग काढणाऱ्या बार्क या संस्थेचं मीटर टीव्ही संचावर काय चाललं आहे ते मोजतं. मुलगी तीच मालिका रात्री पांघरुणात मोबाइलवर बघते ती त्या आकड्यात येत नाही. गुरुवारी रेटिंग येतं आणि शुक्रवारी आमच्या कथा बदलतात. मग सतरा वर्षांची मुलगी अशी लिहावी लागते की जी सत्तर वर्षांच्या बाईला नात म्हणून पसंत पडेल. आजींना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. माझ्या अनुभवात आजी आपल्याला वाटतात तितक्या सोवळ्या नसतात. त्यांना विचारलंच जात नाही, त्यांच्या वतीने आम्हीच घाबरतो.

शरीराबद्दल तर बोलायलाच नको अशी स्थिती आहे. मालिकेच्या मधल्या जाहिरातीत सॅनिटरी पॅड येतं, पण मालिकेतल्या कॉलेजकन्येला वर्षानुवर्षं पाळी येत नाही. कबड्डीच्या मुलींकडून ऐकलेल्या गोष्टीवरून मी एक छोटा सीन लिहिला होता, सामन्याआधी एक खेळाडू दुसरीकडे पॅड मागते एवढाच. दोन वाक्यांचा. तो वाचनातच गळला. जेवणाच्या वेळी लोक मालिका बघतात, असं कारण मिळालं. मारहाण, विषप्रयोग आणि गळफास मात्र जेवणाच्या वेळी चालतात.

रंगाचं तेच. ‘रंग माझा वेगळा’ 2019 मध्ये आली. सावळ्या मुलीचं दुःख हाच तिचा विषय, आणि दीपाच्या भूमिकेसाठी गोऱ्या अभिनेत्रीला मेकअपने सावळं केलं गेलं. त्यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. ती भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे यांनी काम मनापासून केलं. पण आपल्या राज्यात सावळ्या रंगाच्या अभिनेत्री नाटकांतून, एकांकिका स्पर्धांतून किती तरी दिसतात, त्यांच्यापर्यंत ती भूमिका पोचत नाही याचं वाईट वाटतं. जी मुलगी ही मालिका पाहून स्वतःला दीपा समजत होती तिला, दीपा साकारणारी बाई मुलाखतीत वेगळ्याच रंगाची दिसली तेव्हा काय वाटलं असेल?

आणि नायिकेची मैत्रीण. ती जाड असते, सारखी खात असते, तिला कोणी विचारत नाही आणि ती त्यावर स्वतःच विनोद करते. मी तिला शेवटी एका मालिकेत गणिताची आवड दिली. दिग्दर्शक तरुण होता, त्याला आवडलं, अभिनेत्रीने तर त्यात जीव ओतला. नाटकातून आलेली मुलगी होती. मेकअप रूममध्ये मला मिठी मारून म्हणाली, “ताई, पहिल्यांदाच माझ्या हातात वडापाव नाहीये.” तिला पत्रं येऊ लागली. तिच्या वयाच्या मुलींची, हाताने लिहिलेली.

हेही सांगायला हवं की पडद्यावरची सतरा वर्षांची मुलगी बहुधा चोवीस वर्षांची असते. त्याला कारणं आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, परवानग्या लागतात, आणि तसा नियम असणं योग्यच आहे. त्यापुढच्या वयात बारावी असते, परीक्षा असतात. तेरा तासांच्या शिफ्टला मोठी मुलगीच पुरते. पण परिणाम असा की घरी पाहणारी खरीखुरी सतरा वर्षांची मुलगी आपली तुलना एका पूर्ण वाढलेल्या, तालमीत शरीर घडवलेल्या, मेकअपच्या थरांखाली दिवस काढणाऱ्या बाईशी करते. तोंडावर मुरमं असलेली नायिका मी मराठीत पाहिलेली नाही. कायद्यालाही हे दिसत नाही. स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्धचा 1986 चा कायदा आहे, केबल टीव्हीची कार्यक्रम संहिता आहे. त्यांची नजर अंगप्रदर्शनावर असते. नखशिखांत झाकलेल्या मुलीला पाचशे भागांत एकही निर्णय घेऊ दिला नाही, तर ती बाब कोणत्याच कलमात बसत नाही, आणि बसावी असंही मी म्हणणार नाही. हे काम लिहिणाऱ्यांचं आहे.

गेली काही वर्षं मी शाळा-कॉलेजांत पटकथालेखनाची शिबिरं घेते. डोंबिवलीत, सांगलीत, एकदा रत्नागिरीजवळच्या एका गावात. मुलींना मी सांगते, तुमच्या वयाच्या मुलीचा एक दिवस लिहा, ज्यात तिला काहीतरी हवं आहे. पहिल्यांदा त्या मालिकाच लिहितात. पावसात अडकलेली मुलगी, छत्री घेऊन येणारा मुलगा, दुष्ट मैत्रीण. दुसऱ्या दिवशी मी म्हणते, आता खरं लिहा. मग जे येतं ते ऐकून मी घरी आल्यावर कितीतरी वेळ तशीच बसून राहते. एकीला मोबाइलचा पासवर्ड स्वतःचा स्वतः ठरवायचा होता. एकीला आत्तेभावाशी एका खोलीत झोपायचं नव्हतं आणि हे कोणाला सांगायचं ते कळत नव्हतं. (तिच्या बाईंशी मी त्याच दिवशी बोलले, त्यांनी पुढचं पाहिलं.) एकीला मैत्रिणीची माफी मागायची होती, कारण हिनेच त्या मैत्रिणीबद्दल वर्गात वाईट अफवा पसरवली होती. माझ्या मते ती शेवटची गोष्ट तर संपूर्ण मालिकेचा ऐवज आहे. चुकलेली मुलगी, चूक कळलेली, आणि आता काय करावं हे न सुचणारी. तिच्यात खलनायिका कुठेच नव्हती.

नॉर्वेच्या ‘स्काम’ या मालिकेबद्दल मला एका तरुण सहकाऱ्याने सांगितलं. एनआरके या त्यांच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2015 ते 2017 या काळात ती केली. यूली आंदेम या लेखिका-दिग्दर्शिकेने लिहायला घेण्याआधी देशभरच्या किशोरवयीन मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. डोळ्यांसमोर प्रेक्षक होती ती सोळा वर्षांची मुलगी. प्रत्येक पर्वाचा केंद्रबिंदू वेगळा, एव्हा, नूरा, इसाक आणि साना. एव्हा प्रियकरावर सतत संशय घेते, स्वतःही चुकते, आणि तिच्या चुकण्यातून एकटं राहण्याचं धैर्य तिला सापडतं. साना हिजाब घालते, धर्म पाळते, तिखट बोलते, आणि ती कोणाची दया मागत नाही. तिच्या पर्वात तीही एका मुलीशी वाईट वागते आणि तिला ते निस्तरावं लागतं. ओस्लोतल्या या मुलींचं जग आपल्या मुलींहून पुष्कळ वेगळं आहे. त्यांची पार्टी, त्यांची मोकळीक आपल्याकडे जशीच्या तशी आणायची गरज नाही. घ्यायची ती पद्धत, लिहिण्याआधी मुलींकडे जाण्याची. ती मालिका देशोदेशी पसरली, अनेक देशांनी आपापल्या भाषेत ती केली, आणि तरीही ती मुळात जिथल्या मुलींना विचारून लिहिली त्यांच्याशी प्रामाणिक राहिली.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. मला ते पटत नाही. ‘उंच माझा झोका’ 2012 मध्ये झी मराठीवर लागायची तेव्हा शाळकरी मुली छोट्या रमेसाठी बसायच्या. तेजश्री वालावलकरची रमा पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरं गिरवायची, घरातल्या बायकांचे टोमणे खायची, आणि पुन्हा पाटीकडे वळायची. तिचं लग्न तर पहिल्याच टप्प्यात झालं होतं, तो एकोणिसाव्या शतकाचा काळच तसा होता, तरी ती मालिका लग्नाची नव्हती, शिकण्याची होती. तिच्या नवऱ्याने, न्यायमूर्ती रानड्यांनी, वाट उघडून दिली, चालली ती रमा. आज्याही ती आवडीने बघत होत्या. म्हणजे मुलीला काही हवं आहे आणि ती त्यासाठी धडपडते आहे, हे मराठी घरांना बघायला नको असतं असं म्हणता येणार नाही.

वाहिन्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी मागणी आहे. किशोरांसाठी म्हणून मालिका काढाल तेव्हा कथा पक्की होण्याआधी वेगवेगळ्या गावांतल्या वीस-पंचवीस मुलींना एकत्र बसवा, त्यांना पहिले भाग वाचून दाखवा आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. एका प्रोमोला जो खर्च येतो त्याहून हे स्वस्त पडेल. आणि नायिकेच्या कामाच्या जागेचा एक सेट अंदाजपत्रकात धरा, मग ते मैदान असो, प्रयोगशाळा असो की सायकल दुरुस्तीचं दुकान.

वाचकांनाही सांगणं आहे. तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असेल तर ती मोबाइलवर कोणती मालिका पाहते ते तिला विचारा, आणि तिच्यासोबत बसून एक भाग पाहा. तिला काही खटकलं, काही आवडलं, तर ते तिच्याच शब्दांत वाहिनीला लिहून पाठवायला सांगा. प्रेक्षकांची पत्रं आणि मेल बैठकीत वाचली जातात. गणिताची आवड असलेल्या त्या मैत्रिणीचा ट्रॅक वाढला, तो अशाच पत्रांमुळे वाढला.